काळा थर म्हणजे उद्रेकच नव्हे: महासागरी बेटांभोवतीचा ज्वालामुखीय गाळ कसा वाचावा

ग्रान कनारिया हे अटलांटिकमधल्या कॅनरी समूहातलं बेट समुद्रावरून पाहिलं तर जेमतेम पन्नास किलोमीटर रुंद. डोंगराचा पाया मात्र पाण्याखाली साडेतीन-चार हजार मीटरवर आहे, आणि त्याभोवती घागऱ्याच्या घेरासारखा गाळ पसरलेला आहे. बेटावर जे उडालं, वाहिलं, झिजलं, कोसळलं त्यातलं बरंच या घेरात येऊन बसलं. १९९४ साली 'जॉइडिस रेझोल्यूशन' या जहाजावरून ओशन ड्रिलिंग प्रोग्रामची १५७वी मोहीम इथे गेली. तिने ९५० ते ९५६ अशा सात ठिकाणी छिद्रं घेतली: पहिली तीन दूर पश्चिमेला मदेरा अगाध मैदानात, उरलेली चार या घेरात. ९५३ क्रमांकाच्या ठिकाणी समुद्रतळाखाली ११५० मीटरहून खोल जाऊन, बेट पाण्यातून वर येत असतानाच्या काचेच्या ठिकऱ्यांपर्यंत पोचता आलं.

अशा कोअरमध्ये (नळीतून वर काढलेल्या गाळाच्या लांब दंडगोलात) काळे-करडे थर शेकड्यांनी असतात. नवखा माणूस प्रत्येकापुढे 'राख' लिहितो, थर मोजतो आणि तेवढे उद्रेक झाले म्हणतो. इथे सगळं बिघडतं. बेटाभोवतीचे बहुसंख्य काळे थर आकाशातून पडलेले नसतात, ते उतारावरून वाहत आलेले असतात. त्यातले काही उद्रेक चालू असतानाच समुद्रात शिरलेल्या प्रवाहांचे, काही वादळाने ढासळलेल्या किनारी वाळूचे, काही बेटाची अख्खी कूस कोसळल्याचे. हे वेगळे कसे करायचे त्याची ही रीत आहे. कोअर हातात येण्यापासून वहीत थराचं नाव लिहीपर्यंत सगळं क्रमाने घेतलं आहे.

जागा आणि कोअरर

आधी प्रश्न ठरवा, मग जागा. बेटाच्या जवळच्या घेरात लहान-मोठे सगळे प्रवाह सापडतात, पण गाळ भरड असतो आणि एका प्रवाहाने आधीचा थर खरवडून नेलेला असतो. मदेरा मैदान सुमारे ५४०० मीटर खोल आणि बेटांपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तिथपर्यंत फक्त मोठे प्रवाह पोचतात, पण ते स्वच्छ, एकावर एक रचलेले मिळतात. उद्रेकांची बारीक नोंद हवी असेल तर मैदानात जाऊन उपयोग नाही, आणि महाकाय दरडींचा हिशेब हवा असेल तर जवळच्या घळीत कोअरर टाकून उपयोग नाही. दोन्हीकडे घळीचा तळ टाळा. घळीच्या काठावरचे बांध किंवा घळींमधली उंच सपाटी निवडा. तिथे वरून सांडलेला बारीक गाळ बसतो आणि खरवड कमी असते.

ग्रॅव्हिटी कोअरर म्हणजे डोक्यावर टनभर वजन लावलेली पोलादी नळी. मऊ चिखलात ती सहज काही मीटर रुतते, पण वीस-तीस सेंटीमीटरचा भरड बेसाल्टी वाळूचा थर लागला की तिथेच अडते. नळीच्या टोकाशी वाळू आणि वर दोन मीटर चिखल असा कोअर आला, तर 'इथे गाळ दोन मीटरच आहे' असं लिहू नका. त्याचा अर्थ एवढाच की दोन मीटरवर वाळू आहे.

पिस्टन कोअरर जास्त खोल जातो, पण नळी पुरती रुतली नाही तर पिस्टनच्या ओढीने खालची वाळू नळीत शोषली जाते. कोअरच्या खालच्या भागात उभ्या रेघा, थरांचा मागमूस नाही, सगळीकडे एकसारखी पातळ वाळू असं दिसलं तर ती शोषलेली वाळू आहे. तिच्यावर फुली मारा, तिला जाड टर्बिडाइट (उतारावरून वाहत आलेल्या गढूळ प्रवाहाचा थर) समजू नका. दोन्ही पद्धतींत वरचे काही सेंटीमीटर हमखास वाया जातात. म्हणून त्याच जागी मल्टिकोअररने किंवा बॉक्स कोअररने छोटा कोअर घ्या आणि दोन्हींचे आलेख जुळवून वरून किती गेलं ते ठरवा.

ड्रिलिंगचा कोअर असेल तर आणखी दोन सापळे. प्रत्येक नळीच्या माथ्यावर छिद्राच्या भिंतीतून पडलेले खडे आणि वाळू साचते, आणि ती दिसायला थेट भरड थरासारखी असते. दुसरं, कडक गाळात फिरत्या पात्याने कोअरच्या चकत्या होतात आणि मधे चिखलाचं लुकण भरतं. जहाजावर याला बिस्किटिंग म्हणतात. चकत्यांमधलं लुकण हा थर नव्हे. शिवाय सुटी वाळू पाण्याच्या माऱ्याने धुऊन जाते आणि चिखल टिकतो. म्हणजे निम्माच कोअर हाती आला असेल तर हरवलेला अर्धा भाग बहुधा वाळूचाच होता. तो छिद्रात उतरवलेल्या उपकरणांच्या आलेखांवरून शोधावा लागतो. ऱ्हायोलाइट-ट्रॅकाइट वर्गाच्या (सिलिका जास्त असलेल्या फिक्या ज्वालामुखीय खडकांच्या) गाळात पोटॅशियम आणि थोरियम जास्त असल्याने नैसर्गिक गॅमा आलेख, म्हणजे गाळाच्या स्वतःच्या किरणोत्सर्गाचा आलेख, तिथे उंच जातो. बेसाल्टी वाळूत तो खालीच राहतो.

कापण्याआधी

कोअर दीड-दीड मीटरच्या तुकड्यांत कापतात. ड्रिलिंग जहाजांवरची रूढी अशी की माथ्याला निळं झाकण, तळाला पारदर्शक. ती पाळा आणि नळीवर बाणही काढा, कारण झाकणं निघतात. थंड कोठीतून काढलेला कोअर निदान चार तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर ध्वनिवेगाचं मोजमाप चुकतं.

मग अखंड नळी लॉगरमधून सरकवा आणि घनता, ध्वनिवेग, चुंबकीय ग्रहणशीलता (गाळ चुंबकाला किती प्रतिसाद देतो ते) मोजा. यातली ग्रहणशीलता सगळ्यात कामाची. बेसाल्टी वाळूत टायटॅनोमॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे काळ्या थरावर आलेख झपकन वर जातो. पांढऱ्या चुनखडी चिखलावर तो शून्याजवळ असतो. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. वलयाकार सेन्सर आजूबाजूच्या चार-पाच सेंटीमीटरची सरासरी देतो, म्हणून एक सेंटीमीटरचा थर बुटका आणि पसरट दिसतो. असे थर कापल्यावर पॉइंट सेन्सरने अर्ध्या सेंटीमीटरच्या अंतराने पुन्हा मोजा. दुसरं, फोनोलाइट किंवा ऱ्हायोलाइटच्या फिक्या राखेत चुंबकीय खनिज फारच कमी, तिथे आलेख गप्प बसतो. तिसरं, सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेल्या गाळात काळाच्या ओघात मॅग्नेटाइट विरघळून जातं. आलेखात शिखर नाही म्हणून ज्वालामुखीचा माल नाही असं ठरवू नका.

कापणं, खरवडणं, फोटो

मऊ चिखल तारेने कापा, कडक भाग करवतीने. तार वाळूचे कण खाली ओढत नेते आणि पांढऱ्या चिखलावर काळी शेपटी उमटते. म्हणून कापल्यावर काचपट्टीच्या कडेने पृष्ठभाग खरवडा, पण नेहमी आडवा, थराच्या रेषेत. वरून खाली खरवडलंत की एका थराचे कण दुसऱ्यात गेले. प्रत्येक थराला पट्टी पुसा. वेळखाऊ आहे, पण पुढे सूक्ष्मदर्शकाखाली 'दूषित' नमुन्यावर घालवलेल्या आठवड्यापेक्षा स्वस्त पडतं.

अर्धा भाग संग्रहासाठी जशाचा तसा ठेवा, त्याला नमुन्यासाठी कधीही हात लावू नका. काम दुसऱ्या अर्ध्यावर. फोटो आणि मन्सेलच्या रंगपट्टीवरून रंगाची नोंद लगेच, ओलं असतानाच घ्या. खोल समुद्रातला हिरवट गाळ हवा लागली की तपकिरी पडतो.

मदेरा मैदानात रंग हा अर्धा निकाल असतो. तिथले टर्बिडाइट ढोबळमानाने तीन जातींचे: आफ्रिकेच्या किनारउतारावरून आलेले सेंद्रिय द्रव्याचे हिरवे, बेटांवरून आलेले ज्वालामुखीय करडे, आणि समुद्रातल्या डोंगरांवरून आलेले चुनखडीचे पांढरे. इथे सापडणारा फसवा प्रकार म्हणजे एकाच हिरव्या थराचा वरचा भाग फिका तपकिरी असणं. वरून मुरलेल्या ऑक्सिजनने तेवढा भाग बदललेला असतो आणि दोन रंगांमधली रेघ सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असते. नवखे तिथे दोन थर आखतात. कणांचा आकार रेघेच्या वर आणि खाली सारखाच आहे का ते बोटांवर चोळून पाहा. सारखा असेल तर थर एकच.

पडलेलं की वाहिलेलं?

थर नेहमी तळाकडून माथ्याकडे वाचा, कारण तो तसाच बसला. तळाची रेघ टोकदार असणं हा पुरावा नाही. राख पडली तरी ती टोकदार असते आणि प्रवाह आला तरी. तळाशी खरवडलेल्या खळग्या, खालच्या चिखलाचे उपटून आलेले गोळे, त्यावर भरड वाळू, मग समांतर पट्ट्या, मग तिरप्या लहरी, मग पोयट्यासारखा बारीक गाळ आणि शेवटी चिखल असा क्रम दिसला तर तो प्रवाह. याला बाउमा क्रम म्हणतात; त्यातले सगळे भाग एका थरात क्वचितच मिळतात. त्यातल्या एकट्या तिरप्या लहरींनीसुद्धा भागतं, कारण आकाशातून पडणारी राख तळाशी लहरी काढत नाही.

पडलेल्या राखेची प्रतवारी वेगळी असते. जड स्फटिक तळाशी, हलक्या बुडबुड्यांच्या भिंतींच्या पातळ काचा वर. म्हणजे तिथे कण आकाराने नव्हे तर बुडण्याच्या वेगाने वेचले जातात. प्यूमिस (बुडबुड्यांनी भरलेला हलका ज्वालामुखीय दगड) असेल तर उलटंही घडतं: थंड प्यूमिस पाण्यावर तरंगतो, भिजत भिजत शेवटी बुडतो, आणि थराच्या माथ्यावर मोठे खडे येतात. तापलेला प्यूमिस मात्र पाण्यात पडताच बुडतो, कारण आतली वाफ निवून पाणी खेचून घेते. म्हणून उलट्या प्रतवारीवरून घाईने निष्कर्ष काढू नका.

स्टोक्सच्या नियमाने थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे. काचेची घनता २४००, समुद्रजलाची १०३०, थंड पाण्याची श्यानता ०.००१५ धरली तर १० मायक्रॉनचा कण दिवसाला जेमतेम सव्वाचार मीटर उतरतो. साडेतीन हजार मीटर पाण्याला त्याला दोन वर्षांहून जास्त लागतील. १०० मायक्रॉनचा कण तेच अंतर आठ-नऊ दिवसांत कापतो. एवढ्या वेळात प्रवाहांनी बारीक राख कुठल्या कुठे नेली पाहिजे आणि भरड-बारीक अगदी वेगळे झाले पाहिजेत. प्रत्यक्षात पडलेल्या थरांत दोन्ही एकत्र सापडतात. कारण राख एकेकटी बुडत नाही. पृष्ठभागावर राखेने जड झालेलं पाणी लोंढ्यासारखं खाली कोसळतं, शिवाय कण गुठळ्या करून उतरतात. तेव्हा बारीक आणि भरड एकत्र आहेत एवढ्यावरून पडलेली राख नाकारता येत नाही.

मग पक्का पुरावा कोणता? पहिला, थरातले बाकीचे सोबती. उथळ पाण्यातल्या चुनखडी शैवालाचे तुकडे, ब्रायोझोआ (वसाहतीने राहणारे बारीक सागरी प्राणी), किनाऱ्यावरचे फोरॅमिनिफेरा (कवचधारी एकपेशी जीव) हे ३५०० मीटर खोलीवर काळ्या वाळूत सापडले, तर ती वाळू आधी बेटाच्या उथळ कठड्यावर होती आणि नंतर घसरली. दुसरा, काचेची एकजिनसी रचना. एका उद्रेकाची राख एका मॅग्माची, फार तर एकाच मॅग्माकोठीतल्या चढत्या-उतरत्या रचनेची असते. झिजून आलेल्या वाळूत ताजी काच, काळवंडलेली काच, पिवळी पडलेली काच, जुन्या लाव्हाचे तुकडे असा बाजार भरलेला असतो. तिसरा, जाडीचा नकाशा. पडलेली राख टेकडीवरही पडते आणि खळग्यातही. प्रवाह खळग्यात जाड होतो आणि टेकडीवर नसतोच. तिसरा पुरावा सगळ्यात भक्कम, पण त्यासाठी एक कोअर पुरत नाही. एका कोअरवरून 'राखवर्षाव' म्हणायचं असेल तर पहिले दोन्ही हातात हवेत.

हा गोंधळ समुद्रापुरता नाही. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे सापडणारा राखेचा थर नदीच्या गाळात आहे. तो इंडोनेशियातल्या टोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाचा की त्याहून पुष्कळ जुना, यावर वाद झाला, तो का चिघळला हे समजायला हाच भेद पुरेसा आहे: राख कधी उडाली आणि या जागी कधी येऊन बसली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

स्मिअर स्लाइड

दातकोरणीच्या टोकावर काडेपेटीच्या गुलाइतका गाळ घ्या, स्लाइडवर डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबात पातळ पसरा, हॉटप्लेटवर मंद आचेवर वाळवा, ऑप्टिकल गोंदाचा थेंब टाका, कव्हर स्लिप ठेवा आणि अतिनील दिव्याखाली घट्ट होऊ द्या. गाळ जाड पसरला की कण एकमेकांवर चढतात आणि काहीच ओळखता येत नाही. स्लाइडखाली छापील अक्षरं वाचता यायला हवीत.

गोंदाचा अपवर्तनांक साधारण १.५६ असतो. ऱ्हायोलाइटी काच १.४८ ते १.५१ च्या आसपास, म्हणून गोंदापेक्षा खाली. बेसाल्टी काच १.५८ ते १.६०, म्हणून वर. फोकस वर नेताना कणाच्या कडेची उजळ रेघ कणाच्या आत शिरली तर कणाचा अंक जास्त, बाहेर पडली तर कमी. एवढ्या एका चाचणीने फिकी काच आणि गडद काच रंगाविना वेगळी होते.

काचेचे प्रकार ओळखायला शिका. सायडरोमेलेन म्हणजे चहाच्या रंगाची पारदर्शक बेसाल्टी काच, पाण्यात झटकन निवलेली. टॅकिलाइट म्हणजे सूक्ष्म स्फटिकांनी भरलेली, जवळपास अपारदर्शक काळी. ती थोडी हळू, बहुधा हवेत निवलेली. पालागोनाइट पिवळ्या ते नारिंगी रंगाचं, काच पाण्याने बदलल्यावरचं. सोबत बहुधा फिलिप्साइटचे बारीक स्फटिक असतात. हा झिओलाइट, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांतून आपण काढतो त्या स्टिल्बाइट-हूलँडाइटच्या कुळातलाच.

स्पंजाच्या सुया आणि डायटम काच समजून मोजले जातात. तेही क्रॉस्ड निकोलखाली (सूक्ष्मदर्शकातल्या एकमेकांना आडव्या लावलेल्या दोन ध्रुवकांमध्ये) काळे पडतात. सुईच्या मधोमध बारीक नलिका असते, डायटमवर जाळीची नक्षी असते, आणि दोन्हींचा अपवर्तनांक ऱ्हायोलाइटी काचेहूनही कमी. काचेत मात्र बुडबुडे असतात किंवा तीन बुडबुड्यांच्या सांध्याचा त्रिशूळासारखा आकार.

ही पद्धत चिखल आणि बारीक राखेपुरतीच आहे. ६३ मायक्रॉनवरच्या वाळूसाठी ती वापरू नका. वाळू इपॉक्सीत बसवून पातळ छेद करा.

धुणं आणि चाळणं

एका थरातून दहा ते वीस घनसेंटीमीटर घ्या, तळ, मध्य आणि माथा यांतून वेगवेगळे. शक्यतो फ्रीझ-ड्राय करा. भट्टीत वाळवायचं झाल्यास ५० अंशांखाली, नाहीतर मातीचे कण भाजून ढेकळं होतात. वजन घ्या. लिटरला ५ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या द्रावणात रात्रभर भिजवा, मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवा. खाली गेलेलं टाकून देऊ नका, एका बाटलीत बसू द्या. वर राहिलेलं वाळवून १२५ आणि २५० मायक्रॉनच्या चाळण्यांतून काढा. प्रत्येक भागाचं वजन करा. सगळ्यांची बेरीज मूळ वजनाच्या दोन-तीन टक्क्यांत यायला हवी. जास्त तूट असेल तर चाळणीची जाळी फाटली आहे का पाहा.

अल्ट्रासॉनिक टब मोहात पाडतो. चाळण्या साफ करायला वापरा, नमुन्याला दहा-वीस सेकंदांहून जास्त नको. प्यूमिस त्यात फुटून बारीक राख तयार होते आणि मग तुम्हीच केलेली राख मोजत बसता.

चुना काढायचा असेल तर आधी अर्धा नमुना बाजूला ठेवा. उथळ पाण्याचे जीवाश्म चुन्याचेच असतात. सगळ्या नमुन्यावर आम्ल ओतलं तर 'वाहिलं की पडलं' याचा पहिला पुरावाच गेला. उरलेल्या अर्ध्याला दहा टक्के असेटिक आम्ल, बुडबुडे थांबेपर्यंत. हायड्रोक्लोरिक आम्ल जलद काम करतं, पण बेसाल्टी काच, ऑलिव्हिन आणि झिओलाइट यांनाही कुरतडतं. काचेची रसायनं पुढे मोजायची असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका. सेंद्रिय द्रव्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरताना ते थोडं थोडं टाका. हिरव्या गाळात ते उकळून बीकरबाहेर येतं. हूड आणि चष्मा दोन्ही हवेत.

कण मोजणं

एकच आकारगट निवडा, ६३–१२५ किंवा १२५–२५०, आणि सगळ्या थरांसाठी तोच ठेवा. भरड भागात खडकाचे तुकडे आपोआप जास्त असतात आणि बारीक भागात काच. गट बदललात की फरक बेटाचा नाही, चाळणीचा दिसतो.

किमान ३०० कण मोजा. ५० टक्के भरलेल्या घटकाची ९५ टक्के विश्वासपातळीवरची चूक त्यावर साधारण ±५.७ टक्के येते, ५ टक्के घटकाची ±२.५. म्हणजे ४ आणि ६ टक्क्यांत फरक आहे असं ३०० कणांवरून म्हणताच येत नाही. खाती अशी ठेवा: सायडरोमेलेन, टॅकिलाइट, फिकी काच आणि प्यूमिस, पालागोनाइट, सुटे स्फटिक, लाव्हाचे तुकडे, उथळ पाण्यातले जीवाश्म, खुल्या समुद्रातले जीवाश्म, बाकी. 'बाकी' दहा टक्क्यांवर गेलं तर थांबा आणि आधी ते ओळखा.

मायक्रोप्रोब

मायक्रोप्रोब म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या किरणाने एकेका कणाची रासायनिक रचना मोजणारं यंत्र. घट्ट चकतीत बसवून आरशासारखं पॉलिश केलेल्या कणांवरच काम होतं. १५ किलोव्होल्ट, ६ ते १० नॅनोअँपिअर, आणि किरण ५ ते १० मायक्रॉनपर्यंत पसरलेला ठेवा. एकाग्र किरणाखाली सोडियम पळतं, विशेषतः फिक्या काचेत. म्हणून सोडियम सगळ्यात आधी मोजा. दर तासाला एक बेसाल्टी आणि एक ऱ्हायोलाइटी प्रमाणित काच मोजून यंत्र भरकटलं नाही ना ते पाहा. पालागोनाइटवर किंवा कडेच्या पिवळ्या भागावर बिंदू टाकू नका. ताज्या बेसाल्टी काचेची बेरीज ९८ टक्क्यांच्या खाली पुष्कळ गेली तर बिंदू बाद. फिकी काच मात्र समुद्रात पाणी पिते; तिची बेरीज ९३–९६ आली तरी चालते, फक्त १०० वर आणून लिहा आणि तसं केल्याचं सांगा. एका थराला वीस बिंदू हवेत. पाच बिंदूंवर एकजिनसीपणा सिद्ध होत नाही.

बेसाल्टी काचेत गंधक आवर्जून मोजा. हवेत किंवा उथळ पाण्यात फुटलेल्या लाव्हातून गंधक निघून जातं आणि काचेत ते दोन-तीनशे पीपीएमच्या खाली उरतं. खोल पाण्याच्या दाबाखाली निवलेल्या काचेत ते हजारभर किंवा जास्त राहतं. एका वाळूच्या थरात दोन्ही मिळाल्या तर बेटाचा वरचा आणि पाण्याखालचा असे दोन्ही उतार कोसळले. ही चाचणी फिक्या काचेला लावू नका, तिच्यात गंधक मुळातच थोडं.

मग बेटाशी जुळवणी. ग्रान कनारियावर सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वी ढालीसारख्या बेसाल्टी टप्प्यानंतर मोगान गटाचे ऱ्हायोलाइटी इग्निंब्राइट (तापलेल्या राख-वायूच्या लोंढ्यांचे थर) आले, त्यानंतर फाटागा गटाचे ट्रॅकाइट-फोनोलाइट, मग बराच शांत काळ आणि प्लायोसीनमध्ये रोके नुब्लो गट. समुद्रातल्या अल्कलीसमृद्ध फिक्या काचा आणि अॅनॉर्थोक्लेज (एक फेल्डस्पार) स्फटिक मोगानशी पडताळता येतात. या स्फटिकांचं आर्गॉन कालमापन एकेक स्फटिकावर करा. मूठभर स्फटिक एकत्र वितळवले आणि त्यात दोन जुने मिसळलेले असतील तर येणारं वय कुणाचंच नसतं.

एक दरड की सात?

शेजारच्या तेनेरिफे बेटाच्या उत्तर कुशीवरची इकोद दरड सुमारे १ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची. तिचा गाळ समुद्रतळावरच्या अगादिर खोऱ्यात आणि मदेरा मैदानात पोचला. त्या थरात वाळूचे सात उपथर आहेत, प्रत्येक तळाशी भरड आणि वर बारीक, आणि मधे शांत समुद्राच्या चिखलाचा लवलेशही नाही. म्हणजे सातही एकामागून एक आले. शतकांचं अंतर असतं तर मधे चिखल बसला असता. कूस एका दमात गेली की हप्त्याहप्त्याने, यावर त्सुनामीचा अंदाज अवलंबून असतो, म्हणून हे तपासणं कागदी काम नाही.

तुमच्या कोअरमध्ये असे उपथर दिसले तर आधी पर्यायी कारणं काढून टाका. एकच प्रवाह खोऱ्याच्या भिंतीवर आपटून परत आला तरी दोनदा वाळू बसते. दोन घळींतून फुटून आला तरी. अशा वेळी उपथरांची रचना एकच असते आणि त्यांची संख्या जागेजागी बदलते. दूरदूरच्या खोऱ्यांत संख्या तीच राहिली आणि काचेची रचना उपथरागणिक बदलली, तरच टप्प्याटप्प्याने कोसळल्याचं म्हणा.

वय

वयाचा नमुना थरातून नव्हे, थराच्या वरच्या आणि खालच्या शांत चिखलातून घ्या. टर्बिडाइटच्या चिखलात उतारावरचे जुने जीवाश्म मिसळलेले असतात. २०११ साली कॅनरी समूहातल्याच एल इयेरो बेटाच्या दक्षिणेला समुद्रात उद्रेक झाला तेव्हा तरंगून आलेल्या ताज्या दगडांत क्रिटेशस काळापासूनचे (डायनोसॉरांच्या शेवटच्या युगापासूनचे) नॅनोजीवाश्म, म्हणजे अतिसूक्ष्म शैवालांचे चुनखडी अवशेष, सापडले, कारण मॅग्माने वर येताना जुना गाळ सोबत उचलला होता. कण ताजा, जीवाश्म पुराणे.

शांत चिखल ओळखायची खूण म्हणजे किडे-शिंपल्यांनी ढवळल्याचे डाग आणि फोरॅमिनिफेरांचा भरणा. मदेरा मैदानात हिमयुगातला असा चिखल तपकिरी मातकट आणि उबदार काळातला पांढरा चुनकट असतो. त्या पट्ट्यांवरून क्रमांक लावता येतो. खालचा नमुना तळाच्या रेघेखाली दोन सेंटीमीटर सोडून घ्या, पण प्रवाहाने किती खरवडलं ते कळत नसल्याने त्यातून फक्त थर 'याहून तरुण' एवढंच ठरतं. वरचा नमुना ढवळलेल्या भागाच्या वरून घ्या. त्यातून 'याहून जुना'. नॅनोजीवाश्मांपैकी एमिलियानिया हक्सलीचा उगम सुमारे २ लाख ९० हजार वर्षांपूर्वीचा आणि स्यूडोएमिलियानिया लॅक्युनोसाचा अंत सुमारे ४ लाख ४० हजार वर्षांपूर्वीचा. या दोन खुणा या कामात रोज लागतात. रेडिओकार्बनसाठी वरच्या पाण्यात राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांचे काही मिलिग्रॅम स्वच्छ कवच हवेत, सागरी साठ्याची दुरुस्ती (समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना दिसतो, त्यासाठीची) हवी, आणि ४५–५० हजार वर्षांपलीकडे त्याला विचारू नये.

वहीत काय लिहायचं

पहिल्या दिवशी 'राख' हा शब्द वापरू नका. 'काळी मध्यम वाळू, ज्वालामुखीय कण, तळ खरवडलेला, ८ सें.मी.' असं दिसलेलं लिहा. स्मिअर स्लाइड आणि कणमोजणीनंतर दुसऱ्या रकान्यात काचेचे प्रकार आणि जीवाश्म. रसायनानंतर तिसऱ्या रकान्यात उगम, आणि त्यापुढे कोणत्या पुराव्यावरून ते. पडलेली राख ठरली तरच तिसऱ्या रकान्यात तसं नाव द्या, पहिला रकाना खोडू नका. उरलेला कोअर ओल्या स्पंजासह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ४ अंशांना ठेवा. स्पंज साध्या नळाच्या पाण्याने भिजवलात तर बुरशी येते, म्हणून डिस्टिल्ड पाणी घ्या आणि दर काही महिन्यांनी उघडून पाहा.